साडेनऊ बाय तीन

मुळशी तालुक्यात माणसाला जमिनीचं माप शिकवावं लागत नाही. ३३ बाय ३३ फुटांचा गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, हा हिशेब पिरंगुटपासून टेमघरच्या भिंतीपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर तोंडपाठ मिळेल. पाच गुंठ्यांच्या तुकड्यातला बांधाला किती जातो आणि रस्त्याला किती, हेही कुणी न विचारता सांगेल. अशा तालुक्यात, मुठा खोऱ्यातून तांदूळ विकायला निघालेला बचत गट बॅनरच्या मापावर अडतो, हे पुण्यातल्या माणसाला पटणार नाही. पण जमीन आडवी असते आणि बॅनर उभा टांगायचा असतो. शिवाय जमिनीला चार बाजूंनी चारच शेजारी. बॅनरला सल्ला द्यायला अख्खं गाव.

मुठा हे गाव पिरंगुटहून लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. टेमघर धरणाखालची मुठा नदी गावाच्या अंगाने वाहत खडकवासल्याच्या जलाशयात जाते आणि तिथून पुण्याच्या नळात. नदीला बॅनर लागत नाही, पुण्याला तहान असतेच. तांदळाचं तसं नाही. इथला आंबेमोहोर नाकाने ओळखायचा. आंब्याच्या मोहोराचा वास येतो म्हणून तर ते नाव. पण त्याचं रोप उंच वाढतं, वाऱ्यापावसात लोळतं आणि उतारा कमी देतं, म्हणून पुष्कळांनी इंद्रायणी धरला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा हा १९८७चा वाण उताऱ्याला बरा आणि वासालाही बरा. शहरातल्या दुकानात आंबेमोहोर म्हणून पोत्यात काय काय असतं ते पोतंच जाणे. खरा माल खोऱ्यातल्या बाईने स्वतःच्या हाताने मापून द्यायचा, तर तिला शहरात जाऊन उभं राहायला हवं.

उभं राहायची सोय आहे. दिवाळीच्या आगेमागे भात कापून होतो, झोडला-भरडला जातो, आणि नेमका तेव्हाच प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची भीमथडी जत्रा कृषी महाविद्यालयाच्या सिंचननगर मैदानावर भरते आणि तिथे बचत गटांच्या बायकांची रांगच लागते. ‘उमेद’ अभियानाचं महालक्ष्मी सरस मुंबईला. स्टॉल मिळाला की आयोजकांकडून कागद येतो. त्यात अटी असतात, वेळा असतात, विजेचा एक पॉइंट आणि दोन खुर्च्या असतात. आणि एका ओळीत माप असतं: दहा बाय दहा.

इथूनच पुढची सगळी गंमत.

दहा बाय दहा हे स्टॉलच्या जमिनीचं माप आहे. मुळशीकर ते जमिनीचं म्हणून बरोबर वाचतो, मनातल्या मनात ‘गुंठ्याचा दहावा हिस्सासुद्धा नाही’ असं म्हणतो, आणि मग तेच माप तसंच्या तसं उचलून फ्लेक्सवाल्याला सांगतो. म्हणजे मागच्या भिंतीवर टांगायला तो जमिनीएवढा बॅनर मागवतो. भिंत काही दहा फूट उंच नसते. मोठ्या प्रदर्शनांतल्या तयार स्टॉलची भिंत साधारण आठ फुटांची. उरलेले दोन फूट खाली लोळतात. आणि बॅनरच्या तळाला काय छापलेलं असतं? संपर्कासाठी मोबाइल नंबर. चार दिवस तो नंबर सतरंजीवर दुमडून, पोत्याखाली विश्रांती घेतो.

ही झाली उंची. रुंदीचं दुखणं बारीक आहे, पण जास्त ठुसठुसतं. बऱ्याच आयोजकांच्या कागदावर ‘दहा बाय दहा’ ऐवजी ‘३ मी. × ३ मी.’ असतं आणि सगळा महाराष्ट्र ते एकच समजतो. ते एक नाही. तीन मीटर म्हणजे नऊ फूट दहा इंच. दहा फुटांचा फ्लेक्स त्यात जवळजवळ दोन इंच जास्त होतो. बरं, हे तीन मीटरही पूर्ण हाती लागत नाहीत. पांढऱ्या पॅनेलचे आणि ॲल्युमिनियमच्या खांबांचे जे स्टॉल आपण बघतो, ती जर्मनीतल्या ऑक्टानॉर्म कंपनीने १९६९च्या सुमारास रूढ केलेली पद्धत. खांबाला आठ बाजूंनी खाचा असतात, कुठूनही पॅनेल सरकवावं, पुढच्या प्रदर्शनाला सोडवून न्यावं. जगभर गेलेल्या या खांबाची मुख्य अट एकच: तो स्वतःची जागा खातो. मंडपवाल्याच्या बांबूची आणि कनातीची तऱ्हा वेगळी नाही. तो दहा फूट मोजतो ते एका बांबूच्या मध्यापासून दुसऱ्या बांबूच्या मध्यापर्यंत. बांबूंची जाडी तुमच्या वाट्यातून वजा. जर्मन तंत्रज्ञान आणि गावचा मंडपवाला ज्या एका मुद्द्यावर एकमत आहेत तो हा, की दहा फुटांच्या स्टॉलमध्ये साडेनऊ फुटांच्या वर काही धरून चालू नये.

पण हे सगळं ऐनवेळी कळायचं. आधी बैठक.

बचत गटाला अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार असतात आणि सभासद दहा ते वीस. हिशेब चोख, वही चोख. दर महिन्याची बचत किती आणि कोणाचा हप्ता राहिलाय, हे सचिवबाई झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. बॅनरचा विषय निघाला की मात्र पहिला प्रश्न ‘आपला स्टॉल केवढा’ हा नसतो. तो असतो, “मागच्या वर्षी त्या खालच्या गटाचा केवढा होता?”

“मोठा होता बाई. चांगला दांडगा.”

“मग आपला त्याच्याहून मोठा पाहिजे.”

“आन् फोटो समद्यांचे घ्यायचे. नायतर मावशी रुसत्यात.”

“मी कशाला रुसू? माझा नको. पण घेतला तर त्या निळ्या साडीतला घ्या.”

इथे गटाला दोष देण्यात अर्थ नाही. मुठा खोऱ्यातून पुण्याला जाताना पिरंगुट, भूकुम, भूगाव, चांदणी चौक या वाटेवर माणसाचं जे फ्लेक्सशिक्षण होतं, त्याचाच हा परिणाम. तिथल्या फ्लेक्सवर मधोमध वाढदिवसाचे दादा असतात, गॉगल लावून, कानाला मोबाइल लावून. वर नेत्यांची ओळ, खाली शुभेच्छुकांच्या गोल टिकल्या, तीस-चाळीस तरी. कोणाचा चेहरा कोणाला ओळखू येत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. तो फ्लेक्स वाचायचा नसतोच, त्यावर असायचं असतं. आपला चेहरा तिथे आहे हे ज्याचं त्याला माहीत असलं की काम झालं. वाढदिवसाला हे शोभतं. तांदूळ विकायला नाही, कारण गिऱ्हाइकाला या दहा बायकांपैकी कोणाचाच वाढदिवस साजरा करायचा नसतो. त्याला पाच किलोचं पाकीट हवं असतं.

फ्लेक्स येण्याआधी हे एवढं बिघडलेलं नव्हतं. कापडी फलक पेंटर रंगवायचा. पेंटर हा मानाचा शब्द होता. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी तो आडनावासारखा लावला, ‘सिंहगड’सारखे मूकपट काढले आणि सिनेमाची पोस्टरंही स्वतः रंगवली. गावोगावचे पेंटर काही बाबूराव नव्हते, शेवटची दोन अक्षरं चेपून बसवण्यात त्यांची हयात गेली. पण बरेच जण पैसे अक्षरावर घ्यायचे. त्यामुळे फलक लिहून घेणारा आधी बोटांवर मोजायचा आणि ‘सहर्ष सादर करीत आहोत’ परस्पर कापून टाकायचा. फ्लेक्सवाला फुटावर पैसे घेतो, अक्षरं फुकट. फुकट म्हटल्यावर गटाचं नाव, नोंदणी क्रमांक, स्थापनेचं साल, मु. पो., ता., जि., सभासदांची यादी, ‘आमच्याकडे खालील वस्तू मिळतील’ आणि खालील एकोणीस वस्तू, हे सगळं शंभर फुटांत शिरतं. महाराष्ट्रातल्या बॅनरांवरच्या मजकुराचा इतिहास लिहायचा झाला, तर हा भाव बदलला त्या दिवसापासून लिहावा लागेल.

आता फ्लेक्सच्या दुकानात. मालकाला वेळ नसतो, समोर कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराला तर मुळीच नसतो.

“ताई, साइज बोला.”

“दहा बाय दहा.”

“मटेरियल? साधा का स्टार? रिंगा मारायच्या का फ्रेम?”

“रिंगा म्हंजे?”

“दोरी ओवायला हो. आन् दारात एक स्टँडी करा, सहा बाय तीनची.”

इथे आणखी एक खड्डा आहे. बॅनरचं माप सांगताना धंद्यात आधी रुंदी बोलतात, मग उंची. स्टँडीचं बोलताना मात्र आधी उंची. ‘सहा बाय तीन’चा बॅनर आडवा असतो आणि ‘सहा बाय तीन’ची स्टँडी उभी. ज्याला हे माहीत नाही त्याला उभ्याचं आडवं मिळतं, आणि छापलेला फ्लेक्स कोणी परत घेत नाही. म्हणून दुकानात हाताने दाखवून सांगावं, ‘आडवा एवढा, उभा एवढा’. त्यात कमीपणा नाही, इंजिनीअर लोकही तेच करतात.

मग फोटो. तो व्हॉट्सॲपवर येतो. व्हॉट्सॲप फोटोचा जीव काढून पाठवतं. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला सोळाशेच्या आसपास ठिपक्यांचा उरतो. तो दहा फुटांवर ताणला की एकेक ठिपका जवळपास दोन मिलिमीटरचा. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, हे दहा हात मागे सरकल्याशिवाय कळत नाही, आणि मागे सरकावं तर मागे समोरच्याचा लोणच्याचा स्टॉल. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. फुकटचा उपाय आहे, म्हणून कोणी करत नाही. मराठी मजकुराचंही असंच. एका दुकानात बनवलेली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की ‘इंद्रायणी’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अशी खिचडी येते की वाटावं तांदूळ परदेशातून आलाय. त्यावर पोराचा एक शब्द आहे: “कर्व्ह करून पाठवा.” म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाका, मग ती हलत नाहीत. एवढा एक शब्द बोलला तरी दुकानात गिऱ्हाइकाची किंमत वाढते.

आणि मग प्रदर्शनाच्या पहिल्या दिवसाची सकाळ. छोटा हत्ती रिकामा झालेला, पोती लागलेली, टेबलावर पांढरी चादर. दहा फुटांच्या बॅनरची एक बाजू डाव्या खांबाला घट्ट बांधली जाते. उजवी बाजू उजव्या खांबाच्या पुढे दोन इंच जाते. आता करायचं काय? कापायला कात्री नसते आणि मन तर त्याहून नसतं; फुटाचे पैसे मोजलेत. मग ते दोन इंच मागे दुमडतात. दुमडल्यावर रिंगा आत जातात, दोरी कशात ओवायची ते कळेना, म्हणून आणखी चार इंच दुमडतात आणि टाचणी मारतात. त्या चार इंचांत शेवटचं अक्षर असतं. दुपारी बाराला गर्दी सुरू होते तेव्हा स्टॉलवर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं: ‘सुवासिक आंबेमोहो’. येणाराजाणारा वाचतो, क्षणभर थबकतो. थबकला म्हणून एखादा आत येतोही. पण हे काही जाहिरातशास्त्रात बसत नाही.

तर मग माप काढायचं कसं? गिऱ्हाइकाच्या पायांपासून. प्रदर्शनातल्या दोन रांगांमधली वाट साधारण दहा फुटांची. माणूस स्टॉलपासून आठ-दहा फुटांवरून चालतो आणि लांबून बघितलं तरी पंचवीस-तीस फुटांवरून. रमतगमत चालला तरी दहा फुटांचा स्टॉल तो चार-पाच सेकंदांत ओलांडतो. तेवढ्यात चार शब्द वाचून होतात. स्थापनेचं साल नाही. फलक रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे: दर दहा फूट अंतराला अक्षराची एक इंच उंची. म्हणजे तीस फुटांवरून वाचायला तीन इंच. पण हा ठोकताळा देवनागरीला जसाच्या तसा लावून चालत नाही. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, जोडाक्षरं असा लवाजमा असतो. ‘मुळशी’ लिहायचं तर खाली उकार, वर वेलांटी. ‘इंद्रायणी’त तर वर-खाली दोन्हीकडे वस्ती. शिरोरेघेपासून पायापर्यंत तीन इंच हवे असतील तर ओळीला पाच इंच सोडावे लागतात, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

दुसरं मोजायचं ते गिऱ्हाइकाला काय झाकलेलं दिसतं ते. पुढचं टेबल अडीच फूट उंच. त्यावर पाकिटांची उतरंड, ती साडेतीन फुटांवर जाते. टेबलामागे दोघीजणी उभ्या, पदर खोचून, पाच फुटांपर्यंत त्यांचंच राज्य. म्हणजे आठ फुटांच्या भिंतीतली वरची तीन फुटांची पट्टी तेवढी मोकळी. बाकी पाच फुटांत काहीही छापलं तरी ते फक्त छापणाऱ्याला माहीत. रुंदी साडेनऊ, उंची तीन: साडेअठ्ठावीस चौरस फूट. शंभराच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, आणि पैसेही त्याच हिशेबाने. गुंडाळला तर तीन फुटांची काठी होते, पीएमपीच्या बसमध्ये खुर्चीशेजारी उभी राहते. दहा बाय दहाचा फ्लेक्स गुंडाळायचा तर दहा फुटांचा बांबू होतो. त्याला तिकीट काढावं की त्याने माणसाला काढावं, हे कंडक्टरला ठरवावं लागतं. घडी घालून नेला तर घड्या पडतात आणि निळ्या साडीतल्या मावशींच्या चेहऱ्यावर कायमची आठी.

मोठं म्हणजे चांगलं, या समजुतीचं दुसरं टोक आपण बघितलेलं आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४०ची. सतरा माणसं गेली. तांदळाच्या स्टॉलच्या गोष्टीत हे आणायचं कारण एवढंच, की माप हे परवानगीच्या कागदावर असतं तेव्हाही लोक तिप्पट करतात, मग जिथे परवानगीच लागत नाही तिथे काय होणार.

साडेनऊ बाय तीनचं हे शहाणपण घेऊन मुठा खोऱ्यात गेलं तर मात्र त्याचं स्वागत होईलच असं नाही. तिथे मोठ्या फ्लेक्सच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो प्रदर्शनाच्या नियोजकांनी कधी ऐकलेला नसतो. “चार दिसांसाठी का घ्यायचाय तो? जूनला झड लागली की पडवीला बांधता येतुया.” मुळशीचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला हा मुद्दा खोडता येणार नाही. दहा बाय दहाचा फ्लेक्स पेंढ्याच्या गंजीवर पुरतो, शेळ्यांच्या गोठ्याला आडोसा होतो, दुचाकी झाकतो. साडेनऊ बाय तीनचा फार तर सरपणाची मोळी झाकेल. १ जुलै २०२२पासून देशात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या बॅनरांवर बंदी आली, पण आपला नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड, म्हणून तो सुटला. आणि एकदा गावात आलेला फ्लेक्स कचऱ्यात जायला पाच-सहा पावसाळे घेतो. पिरंगुटच्या चौकातले दादाही शेवटी कुठल्यातरी गोठ्यावर उताणे पडून पाऊस झेलत असतातच. ताडपत्रीचा भाव पाहता हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. फक्त तो ताडपत्रीचा हिशेब आहे, जाहिरातीचा नाही. ताडपत्री हवी असेल तर ताडपत्री घ्यावी, तिच्यावर आंबेमोहोर छापायची गरज नाही.

शिवाय आंबेमोहोर विकणाऱ्याकडे एक बॅनर असा आहे जो फूटपट्टीने मोजता येत नाही. स्टॉलमध्ये चुलीला किंवा गॅसला परवानगी असेल, तर एका पातेल्यात अदपाव तांदूळ शिजत ठेवावा आणि झाकण थोडं सरकवावं. तो वास बाजूच्या सहा स्टॉलपर्यंत जातो, कोपऱ्यावरून वळतो, आणि त्याला रिंगा मारायला लागत नाहीत. परवानगी नसेल तर घरून डब्यात भात नेऊन चमचाभर हातावर ठेवावा. वरचा बॅनर त्यानंतर फक्त ‘हा वास कुठल्या स्टॉलचा’ एवढं सांगण्यापुरता.

यंदा ज्या गटाचा नंबर लागलाय त्यांनी आयोजकांना फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: दोन खांबांच्या आतलं अंतर किती, आणि मागची भिंत किती उंच. उत्तर ‘येऊन बघा’ असं आलं, जे बहुधा येईल, तर साडेनऊ बाय तीन, आडवा, रिंगा चारी कडांना, असं सांगून मोकळं व्हावं. कडेपासून चार इंचांत एकही अक्षर येऊ देऊ नये. वर एकाच ओळीत ‘मुठा खोऱ्याचा आंबेमोहोर’. या मापात अक्षर सहा-सात इंच उंच सहज येतं आणि रांगेच्या त्या टोकावरून वाचता येतं. त्याखाली किलोचा भाव आणि फोन नंबर, तोही वरच्याच पट्टीत. फोटो पाहिजेच असं बैठकीत ठरलं, तर तो भाताचा घ्यावा. मावशींना म्हणावं, तुम्ही स्वतः निळ्या साडीत टेबलामागे उभ्या राहणार आहात.